लिनक्समधील पॅकेज व्यवस्थापन

लिनक्स वितरणांत सॉफ्टवेअर बसवणे, अद्ययावत करणे व काढून टाकणे ही कामे करणारी प्रणाली. पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरच्या फायली, त्यांची माहिती आणि ते चालण्यासाठी लागणाऱ्या इतर पॅकेजांची (अवलंबनांची) यादी यांचा संच. पॅकेजे वितरणाच्या भांडारात असतात. त्यांची सत्यता सहसा डिजिटल स्वाक्षरीने पडताळली जाते.

बहुतेक वितरणांत हे काम दोन पातळ्यांवर चालते. डेबियन व उबुंटूत डीपीकेजी हे साधन पॅकेज प्रत्यक्ष बसवते, तर अवलंबने शोधून ती भांडारातून आणण्याचे काम ॲप्ट करते. रेड हॅट कुळात त्यांच्या जागी आरपीएम (१९९५) व डीएनएफ आहेत; त्यातील फेडोराने २०१५ मध्ये आवृत्ती २२ पासून यम या जुन्या साधनाऐवजी डीएनएफ स्वीकारले. ओपनसुसेही आरपीएम पॅकेजेच वापरते, पण तेथे वरच्या पातळीवर झिपर आहे. आर्च लिनक्सचे पॅकमन (२००२) दोन्ही कामे एकटेच करते.

जेंटूचे पोर्टेज प्रामुख्याने मूळ सोर्स कोड वापरकर्त्याच्याच संगणकावर कंपाइल करते. त्यात वेळ जातो, मात्र नको असलेल्या सुविधा वगळता येतात. स्लॅकवेअरची मूळ साधने अवलंबने तपासत नाहीत. ती जबाबदारी वापरकर्त्याची. निक्सओएसमध्ये प्रत्येक पॅकेज स्वतंत्र मार्गावर राहते. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या शेजारी नांदतात व बिघाड झाल्यास आधीच्या स्थितीकडे परतता येते.

स्नॅप व फ्लॅटपॅक या पॅकेज प्रणाली मात्र वितरणाच्या लायब्ररींवर फारशा विसंबून नसतात. एकच पॅकेज अनेक वितरणांत चालते, पण जागा सहसा जास्त लागते.