लंगडा पाय ओळखणारे हात

१७५१ मध्ये चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, नागपूरकर भोसल्यांकडे आलं. त्यांच्या फौजेतल्या शिलेदाराचं घोडं त्याच्या स्वतःच्या मालकीचं. ते लंगडलं की त्याची चाकरीच अडायची. शालिहोत्राच्या नावावर अश्ववैद्यकाच्या पोथ्या होत्या. नकुलाचं ‘अश्वशास्त्र’ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने १९५२ मध्ये छापलंही. पण चिखलात बसून टाप मांडीवर घ्यायचा तो नालबंद. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. खेड्यापाड्यांत त्यानंतरही कितीतरी वर्षं पायाची पारख नालबंदाच्याच हाती राहिली.

मी चंद्रपूर-गडचिरोलीत पशुवैद्य म्हणून नोकरी केली, तेव्हा घोडी क्वचितच दिसली. इथले नालबंद बैलांचे होते. आलापल्लीच्या सागाचे ओंडके ओढणारे, मुरमाच्या वाटेवर गाडी हाकणारे बैल. बैलाच्या खुराला दोन फाका, म्हणून पत्र्याही दोन. घोडं उभ्या उभ्या पाय देतं. बैलाला दोराने पाडावं लागतं, चारही पाय बांधावे लागतात.

अशाच एका म्हाताऱ्या नालबंदाने मला जे दाखवलं ते कॉलेजात शिकलेल्याशी तंतोतंत जुळलं. जनावर टणक जमिनीवर चालवायचं, दोर सैल सोडून. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते, धडक्या पायावर ती खाली येते. नवखा माणूस खाली गेलेली मान पाहतो आणि चांगलाच पाय दुखरा समजतो. मागच्या पायाला पुठ्ठे बघायचे. दुखऱ्या बाजूचा जास्त वरखाली होतो. मग हात. आधी खुराची ऊब, दोन्ही पायांची तुलना करून. मग सांडशीने फाक थोडी थोडी दाबत जायचं. जनावर जिथे पाय ओढून घेतं, तिथेच कोरायचं. बहुतेकदा दुखणं खुरातच निघतं: काटा, खडा, कुजलेली फट. भाताच्या बांधीत उभं राहून मऊ झालेलं खूर तर पटकन फाटतं. खांद्याला, गुडघ्याला तेल चोळत बसणारे मालक मी पुष्कळ पाहिले. त्यात जनावराचे दिवस जातात.

ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, नालबंदांच्या पुढच्या पिढीने दुसरे धंदे धरले. त्यांची विद्या त्यांच्याकडून कुणी फारशी लिहून घेतली नाही. तुमच्या तालुक्याच्या बाजारात अजून कुणी पत्री मारत असेल, तर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.