तान्ह्या पोळ्याचा बैल आणि त्याची पारख

श्रावणी अमावास्येचा पोळा हा खऱ्या बैलांचा सण होय. परंतु दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात जो तान्हा पोळा भरतो त्याचा मान लाकडी बैलांचा आणि बालकांचा आहे. बल्लारपूर-चांद्याकडील मुलेही त्या दिवशी चाकांचे बैल दोरीने ओढीत घरोघर जातात व बोजारा मागतात. ठिकठिकाणी स्पर्धा होऊन उत्तम बैलास बक्षीसही मिळते. उत्तम बैल कोणता, हा प्रश्न बालिश वाटला तरी त्याच्या उत्तरात बराच इतिहास दडलेला आहे.

बल्लारपूर ही एके काळी गोंड राजांची राजधानी होती. वर्धा नदीच्या काठी त्यांचा किल्ला आजही उभा आहे. 1751 मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्याच घराण्यातील दुसरे रघूजी राजे यांची कारकीर्द 1788 ते 1816 अशी झाली. बालकांच्या मनात बैलाविषयी ममता उपजावी म्हणून त्यांनी 1806 साली तान्हा पोळा सुरू केला, अशी नागपुरात परंपरा आहे.

चाकांवरील प्राण्याची कल्पना मात्र याहून फार प्राचीन आहे. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे धातूच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला सुमारे 45 सेंटिमीटर लांबीचा रथ असून त्यावर सारथी उभा आहे. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि बैलाचे रूप अचूक घडवून त्याला चाकांची जोड देण्याची हौस या भूमीत जुनीच आहे, एवढे त्यावरून नि:संशय दिसते.

बैलाची पारख करताना प्रथम लाकूड पाहावे. या कामी सागवान श्रेष्ठ मानतात, आणि चांदा-गडचिरोलीच्या अरण्यांतील सागाची कीर्ती मोठी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली लाकूड गेले ते बल्लारपुरातूनच. सागाच्या अंगी तेल असल्याने त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि नीट वाळविलेला साग ऋतू पालटला तरी फारसा वाकत नाही. गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी दिसते, बाहेरचे फिकट व कमी टिकाऊ असते. जाड रंगाखाली हा भेद झाकला जातो, म्हणून बैल उलटा करून पोटाखालचे लाकूड पाहणारा परीक्षक अधिक जाणता समजावा. शिंगांत लाकडाची शीर आडवी आली तर पहिल्याच आपटीस शिंग मोडते. वेगळी घडवून घट्ट बसविलेली शिंगे पुष्कळ दिवस टिकतात.

दुसरी कसोटी रूपाची. नागपूर-वर्ध्याकडचा गवळाऊ बैल अंगाने सडपातळ, तोंडाने लांबट आणि शिंगांनी आखूड असतो. पश्चिमेकडील खिल्लाराची शिंगे लांब, टोकदार व मागे वळलेली असतात. गवळाऊच्या धडावर खिल्लारी शिंगे बसविली तर बैल भव्य दिसेल, पण खरा दिसणार नाही. वशिंड मानेच्या मुळाशी, खांद्यावर उठलेले हवे. ते पाठीच्या मध्यावर सरकले तर बैलाचा उंट होतो!

तिसरी कसोटी चालीची. दोन्ही आस समांतर, चाके सारखी आणि भोके नेमकी मध्यावर असतील तरच बैल सरळ चालतो. झूल, बेगड, गोंडे व घुंगरमाळ यांचा विचार या तिन्हींनंतर व्हावा. अन्यथा बक्षीस सुताराच्या हाताला न मिळता पालकाच्या खिशाला मिळते.

पाश्चात्त्य संग्राहकांची रीत याहून निराळी आहे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळकथेच्या बोलपटावरून अमेरिकेतील केनर कंपनीने 1978 पासून सुमारे पावणेचार इंचांचे बाहुले विक्रीस आणले. त्यांचे सांधे, रंग, हातांतील चिमुकली शस्त्रे, हे सारे संग्राहक बारकाईने तपासतात. परंतु मूळ वेष्टन न उघडलेल्या बाहुल्याला सर्वांत अधिक मोल येते. म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळलेच नाही, ते खेळणे सर्वोत्तम ठरते!

तान्ह्या पोळ्याचा न्याय याच्या उलट असावयास हवा. शेतात आता ट्रॅक्टर आला आहे आणि शहरातील कित्येक मुलांना बैलाची पहिली ओळख या लाकडी मूर्तीवरूनच होते. ती ओळख खोटी होऊ नये, याची जबाबदारी घडविणाऱ्यावर जेवढी आहे तेवढीच परीक्षकावरही आहे. चाके झिजलेला, पाठीवरचा रंग लहान हातांनी पुसला गेलेला, पण शिंगे शाबूत असलेला आणि अजून सरळ चालणारा बैल रांगेत दिसला, तर परीक्षकाने त्यापुढे क्षणभर थांबावे. लाकूड, रूप आणि चाल या तिन्ही परीक्षा तो अंगणातच उत्तीर्ण होऊन आलेला असतो.