ओढण्याचे बळ आणि आवरण्याचे बळ

घर सोडून प्रवासाला निघावे आणि तरीही घर आपल्याबरोबर असावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. लमाणांचे तांडे किंवा गाडीवर बिऱ्हाड घालून गावोगाव हिंडणारे लोहार यांच्या बाबतीत ती उपजीविकेची गरज होती. विसाव्या शतकात अमेरिकेने तिला करमणुकीचे रूप दिले. तेथील महामार्गांवर आज तीस-पस्तीस फूट लांबीची, पाच-सहा टन वजनाची घरगाडी एका पिकअप ट्रकच्या मागे जोडलेली सर्रास दिसते. तिच्यात निजण्याची खोली असते, स्वयंपाकघर असते, न्हाणीघर असते आणि पाण्याची टाकीही असते. ते दृश्य पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, एवढे ओझे हा ट्रक ओढतो तरी कसा? परंतु या वाहनांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, ओढणे हा त्यातला सोपा भाग होता. ओढलेले ओझे आवरावे कसे, हाच खरा प्रश्न होता.

या कथेचा आरंभ लोहाराच्या भट्टीपाशी होतो. १९१४ साली डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचा लोहारकाम व गाडीकाम करणारा एक कारागीर होता. लाकडाच्या एका व्यापाऱ्याला आपली नाव फोर्ड मोटारीच्या मागे जोडून न्यावयाची होती. फ्रूहॉफने त्यासाठी दोन चाकांची एक गाडी बनवली. तिचे पुढचे टोक मोटारीवर टेकत असे. पुढे हाच व्यापारी लाकूड वाहण्यासाठी तशा गाड्या मागू लागला आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. याच सुमारास विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यानेही चाकांवरच्या घराचा विचार आरंभला होता. १९२८ मध्ये त्याने ‘एरोकार’ नावाची घरगाडी विक्रीस आणली. मोटारीच्या मागील भागात विमानाचे एक चाक आडवे निजवून ठेवलेले असे आणि घरगाडीचा खुंटा त्या चाकाच्या मध्यात बसे. रबरी धावेमुळे धक्के जिरून जात. घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी जे आडवे लोखंडी वर्तुळ असे, त्यालाच इंग्रजीत ‘पाचवे चाक’ म्हणत. तेच नाव या जोडणीला मिळाले आणि पिकअपच्या हौद्यात टेकणाऱ्या मोठ्या घरगाड्यांना ते आजही चालते.

सामान्य कुटुंबांना अर्थातच एवढे ऐश्वर्य परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी स्वस्त फोर्ड मोटार आणि कापडी तंबू पुरेसा होता. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे अशा हौशी प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचे मंडळ स्थापन केले. डेट्रॉइटचे एक जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनीही असाच तंबूचा ट्रेलर विकत घेतला होता. भर पावसात तो उभारताना त्यांची त्रेधा उडाली आणि घरी परतल्यावर त्यांनी पक्क्या भिंतींचा ट्रेलर बनवून घेतला. मुलांनी त्याचे नाव ठेवले ‘कव्हर्ड वॅगन’, म्हणजे पूर्वजांची छपराची गाडी. १९३० च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात तो मांडला गेला आणि १९३६ पर्यंत शर्मन यांचा कारखाना या धंद्यात सर्वांत मोठा ठरला.

त्या काळच्या मोटारींचे बळ बेताचे होते. म्हणून घर हलके करण्याकडे कारागिरांचा कल राहिला. लिंडबर्गच्या १९२७ मधील सुप्रसिद्ध विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये विमानाप्रमाणेच ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून एक निमुळती घरगाडी बनवली. वॉली बायम यांनी तिच्याच धर्तीवर १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणली. वारा कापीत जाणारी ही रुपेरी गाडी पुढे अमेरिकन प्रवासाचे प्रतीकच होऊन बसली.

घर हलके झाले तरी उतारावर ते मोटारीला मागून ढकलतच राहिले. चढावर घोडा दमला तर गाडी उभी राहते, एवढेच. उतारावर गाडी आवरली नाही तर ती घोड्याच्या अंगावर येते. मोटारीचेही तेच झाले. चार चाकांचे ब्रेक मोटारीपुरते बनवलेले. त्यांना तिच्या मागचे हजारो पौंडांचे घरही थांबवावे लागे. या अडचणीवर उपाय शोधणारा गृहस्थ म्हणजे विस्कॉन्सिनमधील बेलॉइट गावचा आर्थर वॉर्नर. मोटारीचा वेगमापक बनवण्यात त्याने आधीच नाव मिळवले होते आणि १९०९ मध्ये कर्टिसचे विमान विकत घेऊन ते स्वतः उडवलेही होते. पुढे ट्रेलरच्या धंद्यात पडल्यावर त्याला कळून चुकले की, ट्रेलरला स्वतःचेच ब्रेक हवेत. मोटारीच्या विजेवर चालणारा ब्रेक त्याने सिद्ध केला आणि १९२७ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. त्याची रचना साधी आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ढोलाला आतून एक विद्युतचुंबक चिकटतो, ढोलाबरोबर तो थोडा ओढला जातो, त्यासरशी एक दांडा फिरतो आणि ब्रेकचे जोड ढोलावर दाबले जातात. वीज जितकी अधिक, तितकी पकड घट्ट. चालकाच्या हाताशी असलेल्या लहानशा खटक्याने मागच्या घराचे ब्रेक स्वतंत्रपणे लावता येऊ लागले, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट होती.

तिचे मोल कळण्यासाठी ट्रेलरचा एक दुर्गुण समजून घेतला पाहिजे. ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली असेल त्यांना तो सांगावा लागणार नाही. ओझे मागच्या बाजूस अधिक झाले तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते. म्हणून जाणता गाडीवान ओझ्याचा थोडा भार बैलांच्या मानेवर येईल, असे पाहतो. घरगाडीचाही हाच न्याय आहे. तिच्या एकंदर वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडणीवर पडला पाहिजे. तो कमी पडला तर गाडीचे शेपूट डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते. एका विशिष्ट वेगापर्यंत हे हेलकावे आपोआप शमतात. त्या वेगापुढे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. मग मागचे घर पुढच्या मोटारीला फरफटत रस्त्याबाहेर नेते. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबणे घातक ठरते. एकट्या ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावावा, म्हणजे मागची गाडी मागे खेचली जाऊन सरळ होते. वॉर्नरच्या खटक्याने कितीतरी कुटुंबांचे प्राण राखले असतील ते या गुणामुळे.

पुढचा भार वाढवावा, तर दुसरे संकट उभे राहते. मोटारीच्या शेपटावर हजार पौंड टेकले की तिचा मागचा भाग बसतो, नाक वर होते, पुढची चाके हलकी पडतात आणि वळण व ब्रेक दोन्ही ढिले होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर भार वाटून देणाऱ्या जोडण्या प्रचारात आल्या त्या याच कारणामुळे. पोलादाच्या दोन लवचिक दांड्या ताणून ट्रेलरच्या सांगाड्याला अडकवतात. ढकलगाडीच्या मुठी दोन्ही हातांनी उचलून धराव्या, तसा त्यांचा परिणाम होतो. मागे टेकलेल्या भारापैकी काही पुढच्या चाकांवर जातो, काही ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर परततो आणि दोन्ही वाहने समपातळीत येतात.

१९५४ मध्ये ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा एक विनोदी चित्रपट निघाला. नवपरिणीत दांपत्य छत्तीस फुटांची घरगाडी मोटारीच्या मागे जोडून निघते. वाटेतील प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून पत्नी एकेक दगड गोळा करते. डोंगर चढण्यापूर्वी दगड फेकून दे, असे पती बजावतो. ती ते लपवून ठेवते आणि कड्याकाठच्या रस्त्यावर दोघांचा जीव टांगणीला लागतो. प्रेक्षक हसले; परंतु जाणत्यांनी त्यातले सत्य ओळखले असेल. मोजून न घेतलेले ओझे हाच या प्रवासाचा खरा वैरी आहे.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत एकेचाळीस हजार मैलांचे महामार्ग बांधण्याचे ठरले. रस्ते सरळ झाले, वेग वाढला आणि वेगाबरोबर हेलकाव्यांचा धोकाही वाढला. याच काळात पिकअप ट्रक हळूहळू पुढे आला. फोर्डने कारखान्यातच बनवलेला पहिला पिकअप १९२५ चा. तो शेतकऱ्याचे व कारागिराचे वाहन होता. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ अशी त्याची प्रतवारी असे. हे आकडे ट्रक किती ओढतो याचे नव्हते, तो अंगावर किती वाहतो याचे होते, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९५९ मध्ये बायम यांनी एकेचाळीस घरगाड्यांचा तांडा केपटाउनहून कैरोला नेला. ओढणाऱ्या वाहनांत पिकअप पुष्कळ होते. इथिओपियाच्या चिखलात व दगडधोंड्यांत मोडतोड पुष्कळ झाली, तरी १९६० मध्ये तांडा कैरोला पोचला. १९६३-६४ मध्ये असाच एक तांडा सिंगापूरहून निघून भारतातून पुढे युरोपात गेला.

मोटारीचे या क्षेत्रातील राज्य संपवले ते तेलाने. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये इंधन बचतीचा कायदा झाला. मोटारी लहान व हलक्या झाल्या, त्यांचा खालचा पोलादी सांगाडा गेला आणि मोठे घर ओढण्याची त्यांची योग्यताही गेली. पिकअपने तो सांगाडा राखला होता. १९७३ मध्येच जनरल मोटर्सने मागे चार चाके असलेला एकटनी पिकअप आणला. १९८३ च्या फोर्ड पिकअपमध्ये डिझेल इंजिन आले आणि १९८९ मध्ये डॉज कंपनीने कमिन्सचे सहा नळकांड्यांचे डिझेल इंजिन बसवले. त्याची पीळशक्ती चारशे फूट-पौंड होती. २०१९ मध्ये त्याच घराण्यातील इंजिनाने एक हजाराचा टप्पा गाठला. तीस वर्षांत बळ अडीचपट झाले!

बळाबरोबर बढाईही वाढली. प्रत्येक कंपनी आपला ट्रक किती ओढतो हे आपल्याच मापाने मोजून जाहीर करी. अखेर २००८ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने एक समान कसोटी ठरवली. त्या कसोटीसाठी ॲरिझोनातील कोलोरॅडो नदीकाठच्या डेव्हिस धरणापाशी सुरू होणारा, सुमारे साडेअकरा मैलांचा चढ प्रमाण मानला गेला. उष्णमान शंभर अंश फॅरनहाइट किंवा अधिक असावे, वातानुकूलन पूर्ण चालू असावे आणि तरीही पूर्ण ओझ्यासह वेग ठरावीक मर्यादेखाली जाऊ नये, अशी ती परीक्षा. परंतु चढणे हा तिचा एक भाग झाला. ट्रक थांबतो कसा, उतारावर उभा राहतो की नाही, मागच्या गाडीचे हेलकावे शमतात की नाही, हेही तीत पाहिले जाते. टोयोटाने ही कसोटी २०११ च्या आपल्या पिकअपसाठी प्रथम स्वीकारली. इतर कंपन्या काही वर्षांच्या अंतराने मागून आल्या.

आवरण्याच्या साधनांचीही अशीच उशिरा दखल घेतली गेली. ट्रेलरच्या विद्युत ब्रेकचे नियंत्रण बाहेरून विकत घेऊन बसवण्याचीच वहिवाट होती. कारखान्यातून ते ट्रकमध्ये बसून आले २००५ च्या फोर्ड पिकअपमध्ये. वॉर्नरच्या कंपनीला तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली होती. डिझेल इंजिन उतारावर गाडीला स्वतःहून फारसे रोखत नाही. म्हणून निघून जाणाऱ्या धुराची वाट अडवून वेग आवरण्याची युक्ती २००७ मध्ये डॉज पिकअपच्या नव्या इंजिनात आली. घाटात आता पायाखालचा ब्रेक तापून निकामी होण्याची भीती पुष्कळ कमी झाली आहे.

तरीही एक गोष्ट यंत्राने सोडवलेली नाही. बारा हजार पौंडांच्या घरगाडीचा साडेबारा टक्के भार म्हणजे दीड हजार पौंड. त्यात ट्रकमधील माणसे, हौद्यातील सामान आणि जोडणीचे लोखंड मिळवावे. ट्रक बारा हजारच काय, त्याहून अधिक ओढू शकेल. पण एवढा भार अंगावर घेण्याची त्याची मर्यादा त्याआधीच संपलेली असू शकते. ती मर्यादा कळण्याची सोय चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या एका लहानशा चिठ्ठीत केलेली असते. जाहिरातीतील आकडा मोठ्या अक्षरांत असतो, चिठ्ठीवरचा बारीक अक्षरांत. मागे घर बांधून डोंगर उतरायला निघालेल्या कुटुंबाचे क्षेम त्या बारीक आकड्याशी बांधलेले आहे. साटीत पोती रचून झाल्यावर जू हाताने उचलून भार अजमावणारा गाडीवान हेच करीत असे.