स्वावलंबी शाळेचा ताळेबंद : कर्मवीर भाऊराव पाटील आणि साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल

मार्च महिना उजाडला की पेढीवर आणि शाळेत एकाच वेळी हिशेबाची घाई सुरू होते. पेढीवर खतावणी पुरी करून ताळेबंद काढला जातो, तर शाळेत वार्षिक अहवालाची जुळवाजुळव चालू असते. शालान्त परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीधारकांची नावे, क्रीडास्पर्धांतील ढाली, विज्ञान प्रदर्शनातील क्रमांक ही अहवालाची परंपरागत कलमे होत. गेल्या काही वर्षांपासून त्यांत आणखी एका परिच्छेदाची भर पडली आहे. वृक्षारोपण, प्लास्टिकमुक्त परिसर, छतावरील पाण्याचे पुनर्भरण, ओल्या कचऱ्याचे खत अशा उपक्रमांची नोंद त्यात असते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षणासंबंधी आदेश दिला आणि पुढे २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पथके शाळाशाळांतून उभी राहिली. तेव्हापासून हा परिच्छेद न चुकता लिहिला जातो.

जालना औद्योगिक वसाहतीच्या परिसरात या परिच्छेदाला वेगळेच वजन आहे. "जालना सोन्याचा पाळणा" अशी ख्याती असलेल्या या गावाने व्यापारात नाव कमावले, १९६४ साली महिकोच्या स्थापनेपासून बी-बियाण्यांच्या उद्योगात कमावले आणि भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या भट्ट्यांमुळे पोलादातही कमावले. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळात निजामकालीन घाणेवाडी तलावाने तळ गाठला आणि सोन्याच्या पाळण्यातील माणसे घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभी राहिली. ज्या गावाने हे पाहिले, त्या गावातील शाळेने पाण्याचा आणि मातीचा हिशेब अहवालाच्या शेवटच्या चार ओळींत आटोपावा काय, हा प्रश्न सहज मनात येतो.

महाराष्ट्रात एक हायस्कूल असे होऊन गेले की ज्याच्या हिशेबात माती आणि पाणी शेवटी नव्हे, सर्वांत आधी येत असे. ते म्हणजे १९४० साली सातारा येथे सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल होय. त्याचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने जैन, म्हणून या स्मरणिकेत त्यांचे स्मरण होणे उचितच आहे. मात्र ते अभिमानापुरते मर्यादित ठेवता येणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले, राजाराम हायस्कुलात शिकू लागले आणि समाजाच्या जैन बोर्डिंगात राहू लागले. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ साली झालेली होती आणि खेड्यापाड्यांतील जैन मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून वसतिगृहे काढण्याचे मोठे कार्य त्या काळात चालू होते. ते कार्य निःसंशय थोर होते. त्याच बोर्डिंगातून भाऊरावांना बाहेर पडावे लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, एवढाच त्यांचा अपराध. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. ही हकीगत समाजाच्या स्मरणिकेतून गाळणे सोयीचे ठरले असते. पण ज्याने वह्या लिहिल्या आहेत त्याला हे ठाऊक असते की, नावेची बाजू झाकून जमेची बाजू खरी ठरत नाही. पुढे भाऊरावांनी जी जी वसतिगृहे काढली, त्यांच्या दारावर कोणत्याही जातीच्या मुलाला अडविले गेले नाही, याचे बीज त्या एका न केलेल्या स्नानात आहे.

शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. साताऱ्यात ते शिकवण्या करीत आणि "पाटील मास्तर" म्हणून ओळखले जात. त्यानंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून त्यांनी गावोगाव पायपीट केली. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष उतरते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. असा माल विकणे सोपे नव्हते. ज्याने नवा माल घेऊन परगावच्या बाजारात उभे राहून पाहिले आहे, त्याला या कामातील कष्ट सांगावे लागत नाहीत. या फिरतीत भाऊरावांना दोन गोष्टी कळल्या. शेतकऱ्याचे अज्ञान किती खोल आहे ही एक, आणि त्याच्याजवळ रोकड नसली तरी श्रम आणि थोडेफार धान्य आहे ही दुसरी. पहिल्या गोष्टीतून संस्था निघाली आणि दुसरीतून ती चालली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली गेली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. पुढे ते धनिणीच्या बागेत स्थिरावले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले गेले. सर्व जातींची मुले एकाच चुलीवर पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीत जेवीत. झाडलोट, भांडी, दळण, पाणी हे सारे त्यांच्याच हाती असे.

या संसाराचा खरा भार कर्मवीरांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांनी वाहिला. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून त्या आलेल्या. महार-मांगांची मुले स्वयंपाकघरात वावरू लागली तेव्हा त्यांच्या मनाची काय उलघाल झाली असेल याची कल्पना आज करता येणे कठीण आहे. हळूहळू त्या सर्व मुलांच्या आई झाल्या. वसतिगृहाच्या खर्चासाठी अंगावरचे सोने एकेक करून गेले आणि कर्मवीर परगावी असताना धान्य संपले, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या भांडवलात स्त्रीधनाची ही रक्कम पहिली मानावी लागेल.

सोने एकदाच मोडता येते. दररोज शंभर मुले जेवायची तर उत्पन्नही दररोजचे हवे. त्यासाठी कर्मवीरांनी दोन मार्ग शोधले. पहिला मुष्टिफंडाचा. घरातील गृहिणीने दळणाला बसण्यापूर्वी मूठभर धान्य वेगळे काढावयाचे आणि ते संस्थेसाठी गोळा करावयाचे. घरातील कोणालाही ही मूठ जड वाटत नसे, आणि गावाला मात्र शाळा आपली वाटू लागे. दुसरा मार्ग विद्यार्थ्यांच्या श्रमाचा. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे वाक्य संस्थेने आपल्या बोधचिन्हातील वटवृक्षासोबत धारण केले आणि "कमवा व शिका" हा त्याचा व्यवहार ठरला.

या विचारास पूर्ण हायस्कूलचे रूप १९४० साली आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे १९३९ साली निधन झाले होते. त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली आपल्या संपूर्ण संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. अशा राजाचे नाव देऊन निघालेले हायस्कूल फी कशी घेणार? ते विनाशुल्क आणि निवासी ठरले, आणि त्याचा पाया "कमवा व शिका" हाच होता. परिसरातील खडकाळ माळ मुलांनी कुदळी-पहारींनी फोडले, दगड वेचून बांध घातले, जमीन लागवडीखाली आणली आणि त्यातील धान्य-भाजीपाला वसतिगृहाच्या कोठीत आणला. सकाळच्या वेळी ज्याच्या हातात पहार, त्याच्याच हातात दुपारी बीजगणिताचे पुस्तक. फीऐवजी शाळेच्या तिजोरीत घाम जमा होत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्या काळाचा विचार केला म्हणजे या व्यवस्थेची किंमत कळते. दुसरे महायुद्ध चालू होते. धान्य महागले, रेशनिंग आले. १९४३ साली कापड आणि सूतही सरकारी नियंत्रणाखाली गेले. धोतरजोडीसाठी दुकानापुढे रांगा लागलेल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या स्मरणात होत्या. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांची अशा वेळी काय अवस्था होत असेल हे सांगावयास नको. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारच्या चळवळीने ढवळून निघालेला होता. ज्या शाळेच्या कोठीत स्वतःच्या शेतातले धान्य होते, ती शाळा या साऱ्यातून तरली. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात त्याचा अर्थ त्या मुलांना कोणी व्याख्यान देऊन शिकविला नव्हता. बांध फुटला तर माती जाते आणि माती गेली तर ताटातली भाकरी जाते, हा पाठ त्यांनी पावसाळ्यात उभ्याने गिरविला होता.

असे प्रयोग इतरत्रही झाले आहेत. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली टस्कीगी येथे सुरू केलेल्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभारल्या. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींची नयी तालीम मांडली गेली. तिच्यात हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम होते. कर्मवीरांची दृष्टी अधिक व्यवहारी म्हणावी लागेल. गरिबाच्या मुलालाही तेच इंग्रजी, तेच गणित, तीच मॅट्रिकची परीक्षा मिळाली पाहिजे, आणि पैशांअभावी ते मिळत नसेल तर त्याची किंमत श्रमांनी चुकती करू, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मुले माती खणत राहिली तर अभ्यास केव्हा करणार, ही शंका तेव्हाही घेतली गेली होती. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर १९४७ सालचे. त्या वर्षी साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि तेथेही "कमवा व शिका" चालू झाले. १९४८ साली कर्मवीरांच्या एका भाषणावरून वाद उद्भवून सरकारी अनुदान काही काळ बंद पडले. पगारापासून खडूपर्यंत सर्व काही अनुदानावर अवलंबून असलेली संस्था त्या धक्क्याने कोलमडली असती. रयत टिकली. संत गाडगे महाराजांसारखे सुहृद पाठीशी उभे राहिले, लोकांनी मदत केली आणि कालांतराने अनुदानही पूर्ववत झाले.

तथापि या ताळेबंदात नावे टाकण्याजोगे काहीच नाही, असे मात्र नव्हे. संस्था वाढली, वेतन अनुदाने नियमित झाली, तसतसा शेतीचा वाटा आक्रसत गेला. आज रयतेच्या माध्यमिक शाळांची संख्या चारशेहून अधिक आहे. त्या सर्वांचे पोट मुलांच्या शेतीवर भरणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत केले. गरीब मुलाने शिक्षणासाठी राबलेच पाहिजे आणि श्रीमंताच्या मुलाने नाही, ही विषमता कर्मवीरांनाही रुचली नसती. त्यांच्या वसतिगृहात कुदळ सर्वांच्याच हाती होती. मुलावरचा फीचा भार गेला हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर शाळेच्या आवारातून कुदळही गेली, आणि मग वर्षातून एकदा पाहुण्यांच्या हस्ते रोप लावून छायाचित्र काढण्याची प्रथा तिच्या जागी आली. त्या रोपांपैकी दुसरा उन्हाळा किती पाहतात, हा आकडा अहवालात सहसा नसतो. पेढीवर अशी नोंद चालली नसती. माल आला म्हणून लिहायचे आणि शिल्लक मोजायची नाही, याला हिशेब म्हणत नाहीत.

घाणेवाडीचा तलाव आटला तेव्हा जालनेकरांनी एकत्र येऊन त्यातील गाळ काढण्याचे काम हाती घेतले. पाणी असेपर्यंत जे सुचले नव्हते ते तळ दिसल्यावर सुचले. सयाजीराव हायस्कुलातील मुलांना आपल्या कोठीचा तळ रोज दिसत असे, एवढाच फरक.

जानेवारी १९५९ मध्ये कर्मवीरांना पद्मभूषण जाहीर झाले, एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली आणि ९ मे १९५९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले आणि ३ महाविद्यालये चालू होती. ज्या विद्यापीठाने त्यांना ती पदवी दिली, त्याच पुणे विद्यापीठाने पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने "कमवा व शिका" योजना चालविली. तीत विद्यार्थ्यांना तासांच्या हिशेबाने मानधन मिळते. कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कोणी कार्यालयात नोंदी करतो, आणि कोणाच्या वाट्याला आवारातील झाडांना पाणी घालण्याचे काम येते.