तांब्याच्या तीन लगडी

आमच्या नातवाच्या गावातला ग्रंथपाल माझ्या हातून गेला, त्याला आता दोन महिने होतील. गेला म्हणजे मेला नव्हे. मेला असता तर एक वेळ परवडलं असतं. त्याची चेटकीण झाली.

घाबरू नका. हे गाव कुठल्याही तालुक्यात नाही. माइनक्राफ्ट नावाच्या खेळात आहे. हा खेळ मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली लोकांपुढे आणला आणि २०११ मध्ये पुरा केला. पुरा केला असं आपलं म्हणायचं. पुण्यातल्या रस्त्यांप्रमाणे त्याचंही काम अजून चालूच आहे. त्यातलं सगळं जग ठोकळ्यांचं. सूर्य चौकोनी, ढग चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. खणावं, बांधावं, गाजरं लावावीत. जिंकण्याची घाई नाही. आणि त्यात गावकरी असतात. लांब नाक, हाताची घडी, आणि काहीही विचारलं तरी "ह्म्म". वीज मंडळाच्या हिशेब खात्यात मी तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे ही माणसं मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली.

तर त्याचं असं झालं. नातवाची परीक्षा जवळ आली आणि सूनबाईंनी खेळावर बंदी घातली. पोराने पुस्तकं उचलता उचलता मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजोबा, तुम्ही फक्त गाजरं काढा. बाकी कशाला हात लावू नका." खरं म्हणजे खेळ उघडलाच नाही तर आतलं जग जागच्या जागी थांबून राहतं. पाऊससुद्धा आभाळात खोळंबतो. म्हणजे मी तो उघडलाच नसता तर काहीही झालं नसतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाने मला निदान एकेकदा सांगून झाली आहे.

तिसऱ्या दिवशी गाजरं काढताना आभाळ भरून आलं. पाऊस लागला की हे गावकरी शहाण्यासारखे आपापल्या घरात जातात. ग्रंथपालही निघाला. पण त्याच्या दारात, नेमका दारात, मी उभा. बाजूला व्हायचं बटण कोणतं ते मी शोधतोय, तो समोरून "ह्म्म" करतोय, आणि एवढ्यात लखकन् वीज पडली. माझी दोन-तीन हृदयं गेली. ती या खेळात दहा असतात, पेन्शनरला पुष्कळ झाली. धूर गेला तर ग्रंथपालाच्या जागी काळी टोकदार टोपी घातलेली चेटकीण, आणि ती मला बाटल्या फेकून मारायला लागली.

या खेळात हा नियमच आहे. गावकऱ्याच्या तीन-चार ठोकळ्यांच्या आत वीज पडली की त्याची चेटकीण होते. डुकराचं अर्धवट सडलेलं पिशाच्च होतं. गावकऱ्याला झॉम्बी चावला तर निदान सोन्याचं सफरचंद आणि एक काढा देऊन त्याला माणसात आणता येतं. चेटकिणीवर उतारा नाही. आणि हा ग्रंथपाल साधासुधा नव्हता. 'मेंडिंग' नावाचं दुर्मिळ पुस्तक त्याच्याकडे विकत मिळे. ते मिळावं म्हणून नातवाने त्याच्यापुढचं मेज मोडून मांड, मोडून मांड असं करत दिवाळीची अख्खी सुटी घालवली होती.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करतात याची मी गुपचूप चौकशी केली. जून २०२१ पासून या खेळात तडितरक्षक मिळतो असं कळलं. तांब्याच्या तीन लगडी एकीवर एक ठेवल्या की कांडी तयार. संगणकावरच्या जावा नावाच्या आवृत्तीत ती १२८ ठोकळ्यांच्या टापूतली वीज आपल्याकडे ओढून घेते. मी चाटच पडलो. तीन लगडी! एवढ्याशा गोष्टीसाठी खऱ्या जगात माणसांनी काय काय सोसलं होतं, ते मी त्याच आठवड्यात वाचत होतो. विजेशी माझा जन्मभराचा संबंध बिलापुरता, म्हटलं निदान आता तरी तिची माहिती करून घ्यावी.

तडितरक्षकाची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची. हा फिलाडेल्फियाचा छापखानेवाला. ढगात असते ती आणि काचेची नळी घासून ठिणगी निघते ती, वीज एकच, असं त्याचं म्हणणं. उंच लोखंडी कांब उभारा आणि पाहा, असं त्याने १७५० साली लिहून कळवलं. पतंगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच्या आधीच, १० मे १७५२ रोजी, पॅरिसजवळच्या मार्ली नावाच्या खेड्यात ही कांब उभी राहिली. ती उभारणारे दालिबार साहेब त्या दिवशी नेमके पॅरिसला होते. वादळ आलं तेव्हा राखणीला कोण, तर क्वाफिए नावाचा एक निवृत्त घोडेस्वार. त्याने कांबेतून ठिणगी काढली, ती तडतडली, आणि त्याने गावच्या पाद्र्याला हाक मारली. पाद्रीबुवा गारांच्या माऱ्यात धावत सुटले. म्हातारा मेला असं समजून गावही त्यांच्या मागे धावलं. म्हातारा जिवंत होता. आकाशातली वीज माणसाने पहिल्यांदा हाताळली ती अशी, साहेब रजेवर असताना. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी फ्रँकलिनने स्वतःच्या घरावरही कांब बसवली. वर तिच्या तारेत दोन घंटा अडकवल्या. ढगातली वीज उतरू लागली की त्या आपोआप वाजत. मग स्वारी इंग्लंडला निघून गेली आणि घंटा राहिल्या बायकोच्या पदरी. मध्यरात्री घरात किणकिणाट सुरू झाल्यावर त्या डेबोरा बाईंचं काय होत असेल! त्यांनी विचारल्यावर नवऱ्याने १७५८ साली लंडनहून उत्तर धाडलं, की भीती वाटत असेल तर दोन्ही घंटांमध्ये तार जोडून टाक, आवाज बंद होईल. विजेचा वाद तीन हजार मैलांवरून मिटवणारा हा पहिलाच नवरा असावा. मी हे हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "स्वतः येऊन जोडायला काय झालं होतं?"

पण घंटेची ही थट्टा थोडी पुढे गेली की हसू येईनासं होतं. युरोपात गावोगावी वादळ आलं की देवळाची घंटा वाजवायची चाल होती. नादाने वीज मोडते अशी समजूत. गावातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे मनोरा. त्याच्या टोकाला धातूची घंटा, घंटेला ओला दोर, दोराला धरून एक माणूस. १७८४ साली म्यूनिकमध्ये छापलेल्या एका पुस्तकात हिशेब दिला आहे: तेहेतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले. हिशेब खात्यातला माणूस असल्याने मी हा आकडा दोनदा वाचला. ही माणसं गाव वाचवायला वर चढली होती. आणि तोवर फ्रँकलिनची कांब निघून तीस वर्षं झाली होती.

मग लोक ती बसवत का नव्हते? कारणं तयार होती. देवाच्या कोपाच्या आड येऊ नये, हे एक. १७५५ साली बॉस्टनला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा तिथल्या एका पाद्र्याने खापर कांबांवरच फोडलं: आकाशातली वीज तुम्ही जमिनीत घालता, मग ती हलणार नाही तर काय! फ्रान्समध्ये सेंतोमेर गावी एका हौशी गृहस्थाने १७८० साली घरावर कांब उभारली, तर शेजाऱ्यांनी तक्रार करून कोर्टाकडून ती उतरवण्याचा हुकूम मिळवला. आमच्या सोसायटीत सोलरच्या पत्र्यावरून झालं ते यापेक्षा वेगळं नव्हतं. अपिलात कांबेच्या बाजूने उभा राहिला एक पंचविशीतला वकील, आणि १७८३ साली खटला जिंकला. त्याचं नाव रोबेस्पिएर. वरून येणाऱ्या धोक्यापासून माणसाचं डोकं वाचवण्यासाठी भांडलेला हाच माणूस, पुढे दहा वर्षांत गिलोटीनखाली किती डोकी गेली ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी १७९४ मध्ये त्याचंही गेलं.

इंग्लंडात कांबेचं टोक अणकुचीदार असावं की बोथट, यावर तिसरा जॉर्ज राजा स्वतः भांडला. फ्रँकलिन अणकुचीदारवाला, आणि अमेरिकेने बंड केलेलं, म्हणून राजा बोथटाच्या बाजूचा. गंमत म्हणजे २००० साली अमेरिकेतच प्रयोग झाले तेव्हा किंचित बोथट टोक बरं ठरलं. राजकारणासाठी घेतलेली बाजू कधीकधी बरोबरही निघते.

मरणाऱ्यांत शास्त्रज्ञही होते. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचे प्राध्यापक घरात आणलेल्या कांबेजवळ वाकून मोजमाप घेत होते. ठिणगी सुटली ती सरळ कपाळावर. कांब होती, जमिनीत गेलेली तार नव्हती. अर्थिंग नव्हतं.

हे सगळं वाचताना मला सारखं आमचं कोकणातलं घर आठवत होतं. मी पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी आले. पायाळूवर वीज पडते अशी आमच्याकडे पक्की समजूत. त्यामुळे गडगडलं रे गडगडलं की आजी मला माजघरात कोंडायची, वर घोंगडी घालायची. मला त्याचा फार अभिमान होता. गावात एवढी किंमत मामलेदारालाही नव्हती. १९६१ च्या जूनच्या सुरुवातीला असंच आभाळ फाटलं. गुरं रानातून आणायची होती आणि त्या दिवशी पाळी माझी होती. आजीने मला धरून ठेवलं आणि गड्याला पाठवलं. तो फणसाखाली आडोशाला थांबला होता. तो पायाळू नव्हता. आजीने पुढे मला कधी घोंगडी घातली नाही. ती या विषयावर कधी बोललीही नाही.

भारतात २०२२ साली वीज पडून २,८८७ माणसं गेली. हे सरकारी आकडे आहेत. त्यातली बरीचशी शेतात, रानात, झाडाखाली असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप काढलं आहे, जवळपास वीज पडायचा संभव असला की ते सांगतं. ते हिच्याही फोनवर आहे. गड्याकडे फोन असता तर, वगैरे विचार मी रात्री करतो. सकाळी करत नाही.

परीक्षा संपली. मी कबुली दिली. नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने एवढंच विचारलं, "दारात तुम्ही उभे होता?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "चला, तांबं खणू."

कांडी ग्रंथालयाच्या छपरावरच ठोकावी असा माझा आग्रह होता. "आजोबा, छपरावर वीज आली की खालच्याची परत चेटकीण होईल. ती लांब पाहिजे." हे मनोऱ्यातल्या त्या १०३ माणसांना कुणी सांगायला हवं होतं. शेवटी गावाबाहेरच्या टेकडीवर खांब उभा केला. मी म्हटलं, "अर्थिंग?" तो म्हणाला, "इथे लागत नाही." मी हटून बसलो. तीस वर्षांची नोकरी आहे. मग माझ्या समाधानासाठी त्याने खांबापासून जमिनीत खोलवर तांब्याचे ठोकळे पुरले. त्याचा काडीचा उपयोग नाही हे त्याने मला तीनदा सांगितलं, पण पुरले.

वर त्याने स्वतःच्या डोक्यातून एक भर घातली. वीज कांडीवर आली की लाल भुकटीच्या तारेतून गावातली घंटा वाजते, आणि घंटा ऐकली की गावकरी घरात पळतात. नवा ग्रंथपाल नेमला आहे. त्याच्याकडे अजून 'मेंडिंग' नाही.

परवा रात्री खेळात वादळ आलं. टेकडीवर लख्ख झालं, घंटा घणघणली, आणि सगळे लांब नाकवाले एका दमात आत. मी मोजले. सतराच्या सतरा. पुन्हा लख्ख झालं, पुन्हा घंटा. आम्ही दोघांनी आवाज आणखी मोठा केला.

एवढ्यात आतून आवाज आला, "अहो, किती वाजलेत! ती घंटा बंद करा आधी."

मी लंडनला नसल्यामुळे उठून बंद करावी लागली.