पेन्शनर सैनिकाची दुसरी लढाई

पवित्र मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी ज्या शब्दांत आपण आपली अपात्रता कबूल करतो, ते मूळचे एका लष्करी अधिकाऱ्याचे. कफर्णहूमच्या त्या शताधिपतीला प्रभूला आपल्या घरी बोलावण्याचा संकोच वाटला. तो संकोच त्याच्या स्वतःच्या नम्रतेतून आला होता. आपल्या देशात मात्र लक्षावधी माणसांनी कोणत्या उंबरठ्याबाहेर उभे राहावे, हे इतरांनीच ठरवले होते. त्यांच्यापैकी एका सैनिकाचे, गोपाळबाबा वलंगकर यांचे, येथे स्मरण करावयाचे आहे.

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली जमनालाल बजाज यांनी अस्पृश्यांना खुले केले, हे आपण जिल्ह्यातील लोक अभिमानाने सांगतो. वलंगकरांनी लेखणी उचलली ती त्याच्या चाळीस वर्षे आधी.

महाडजवळील रावढूळ हे त्यांचे गाव, जात महार. महारांचे लष्कराशी नाते जुने होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांच्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाची बावीस नावे कोरलेली आहेत. पलटणीत महाराच्या मुलाला गणवेश मिळे, अक्षरओळख होई, हुद्दा मिळे. पेन्शन घेऊन गावी परतला की तोच हवालदार पुन्हा वेशीबाहेरचा ठरे. वलंगकर १८८६ साली सेवानिवृत्त होऊन दापोलीस राहिले. तेथे पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. पुढे सुभेदार रामजी आंबेडकरही आपल्या कुटुंबासह तेथेच आले.

महात्मा फुले यांच्या विचारांचा वलंगकरांवर खोल ठसा होता. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी उच्चवर्णीयांपुढे प्रश्न मांडले: विटाळ कोठून आला? त्याला आधार कोणता? अस्पृश्यांमधून उठलेला हा पहिला छापील सवाल मानला जातो. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांनी उभारली.

याच सुमारास सरकारने लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे करून महारांची लष्करभरती बंद केली. ज्या एकमेव दारातून समाज वर येत होता, तेच बंद झाले. त्याविरुद्ध १८९४ साली वलंगकरांनी अर्ज तयार केला. आपले पूर्वज क्षत्रिय होते, असा त्यात दावा होता. आज तो युक्तिवाद आपणांस पटणार नाही, कारण माणसाचा मान त्याच्या पूर्वजांच्या तलवारीवर अवलंबून नसतो. परंतु राज्यकर्ते जात पाहूनच न्याय देत असताना अर्जदाराला त्यांच्याच भाषेत बोलावे लागले, हेही ध्यानात घ्यावे.

१८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांच्याबरोबर बसण्यास सवर्ण सभासदांनी हरकत घेतली. रणांगणावर खांद्याला खांदा चालला, बोर्डाच्या बैठकीत चालला नाही! वलंगकर १९०० साली निवर्तले. सत्तावीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्याच महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली.

वाचकहो, ही कथा दुसऱ्या कोणाची म्हणून आपण बाजूला ठेवू शकत नाही. महाराष्ट्रातील आपल्या अनेक धर्मग्रामांत याच वस्त्यांतून आलेली कुटुंबे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. त्यासाठी शासनाकडे न्याय मागणे योग्यच आहे. पण डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना, जातिभेद ख्रिस्तसभेतही आहे, हे मान्य केले होते.

म्हणून वलंगकरांचे प्रश्न आपल्या अंगणातही उभे आहेत. मुलांची सोयरीक ठरवताना आपण काय विचारतो? धर्मग्रामाच्या मंडळावर कोणाला घेतो? शताधिपतीचे शब्द उच्चारून वेदीकडे चालताना, आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, याचा हिशेब मनात उरला असेल, तर ते शब्द आपण केवळ ओठांनी म्हटले, असेच म्हणावे लागेल.