आजीचा प्रभुवार, आजोबांची खादी

आमच्या आजीच्या घरात प्रभुवारी चूल पेटत नसे. शनिवारी दिवेलागणीलाच बाजरीच्या भाकरी थापून व्हायच्या, शेंगदाण्याची चटणी कुटून व्हायची आणि दुसऱ्या दिवशी उपासनेहून आलं की शिळी भाकरी दुधात कुस्करून खायची. त्या दिवशी सुईदोरा हातात घ्यायचा नाही, बाजाराला जायचं नाही. पत्ते, विडी, दारू, तमाशा या गोष्टी तर वर्षाचे बाराही महिने वर्ज्य. नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली ती. तिला पाहून कुणालाही वाटावं, ही बाई राजकारणातही जुन्यालाच धरून असणार. पण तसं नव्हतं.

ती ज्यांना 'मिशनसाहेब' म्हणायची, ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक. 1813 मध्ये त्यांचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले, 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. न्यू इंग्लंडकडचे, काँग्रिगेशनल पंथाचे, शिस्तीला फार कडक. आणि याच कडक माणसांनी मुलींच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. सिंथिया फरार मॅडमच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिकायला होत्या, हे सांगताना आजी पदर सारखा करून बसायची. जणू सावित्रीबाई तिच्याच बाकावरच्या.

पणजोबा वडाळ्याच्या बाजूचे, महारवाड्यातले. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी मेलेलं ढोर ओढायला नकार दिला आणि गावानं त्यांचं पाणी तोडलं, असं घरात सांगतात. साल कुणालाच नक्की आठवत नाही. आजी 'मोठ्या दुष्काळाच्या मागंपुढं' एवढंच म्हणे. गावाच्या लेखी ते बंडखोर. मंडळीत मात्र ते इतके कर्मठ, की उपासनेत कुणाचं पोर हसलं तर मागून कान पिरगाळायचे. माणूस तोच, बायबलही तेच. ज्या व्यवस्थेत आपल्याला काही मिळत नव्हतं ती मोडायची आणि नव्यानं मिळालेली इभ्रत जिवापाड जपायची, हे दोन्ही त्यांनी त्याच पुस्तकातून घेतलं.

मिशनऱ्यांमध्येही सगळं एकसुरी नव्हतं. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट ह्यूम 1886 मध्ये सुट्टीवर अमेरिकेत गेले होते. ख्रिस्ताचं नाव न ऐकताच जे मेले, त्यांना मरणानंतर तरी संधी मिळू शकेल, अशा विचाराकडे त्यांचा कल दिसला आणि तिकडच्या सनातन्यांनी त्यांना परत पाठवायला हरकत घेतली. शेवटी ते नगरला परतले. नगरची माणसं पाहिलेल्या माणसाला, इथल्या सगळ्या पूर्वजांना सरसकट नरकात ढकलवेना, असं मला वाटतं.

सरकारविषयी मात्र व्यासपीठ सावध असे. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, म्हणजे अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश, आजीनं लहानपणी किती वेळा ऐकला असेल देव जाणे. शिवाय मिशनऱ्यांवर वेगळं बंधनही होतं: जे ब्रिटिश नव्हते, त्यांना राजकारणापासून दूर राहण्याचं वचन सरकारला द्यावं लागे. तरी 1942 मध्ये नेहरू आणि बाकीचे पुढारी नगरच्या किल्ल्यात होते, तेव्हा आजोबा खादीचा सदरा घालून उपासनेला गेले. पाळकसाहेब दारात थबकले, मग 'सलाम' म्हणून त्यांनी हात पुढे केला. हे आजीकडून ऐकलेलं. आजोबांना खादीबद्दल विचारलं, तर ते टिळकांचं नाव घेत. टिळक म्हणजे आमचे रेव्हरंड नारायण वामन. ख्रिस्ती होऊनही त्यांनी अभंग सोडला नाही आणि देशही सोडला नाही.

एकाच बायबलमधून दोन्ही टोकं निघतात, हे अमेरिकेतही दिसतं. गुलामगिरीच्या वादातून दक्षिणेतल्या बाप्टिस्टांनी 1845 मध्ये वेगळी चूल मांडली. बायबलच्याच आधारानं ते गुलामगिरीचं समर्थन करत आणि उत्तरेतले कितीतरी काँग्रिगेशनल लोक बायबलच्याच आधारानं तिच्याविरुद्ध लढत. विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी 1925 च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतिवादाविरुद्ध बाजू मांडली. पण हेच ब्रायन तीनदा अध्यक्षपदासाठी उभे राहिले, ते कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू घेऊन. पुढे 1979 मध्ये जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' निघाली, तेव्हापासून कडवा प्रॉटेस्टंट म्हणजे उजव्यांचा मतदार, हे समीकरण जगभर पसरलं. मार्टिन ल्यूथर किंगही बाप्टिस्ट पाळकच होते, याची मग लोकांना मुद्दाम आठवण करून द्यावी लागते.

माझं मत सरळ आहे. श्रद्धा माणसाला घट्ट धरायला शिकवते; काय धरायचं, हे तो समाजात कुठं उभा आहे त्यावर ठरतं. आजी दारूबंदीच्या बाजूनं होती आणि कुळांना जमीन मिळावी याच्याही बाजूनं. तिला यात कधी विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

आणि आम्ही कुठं उभे आहोत, हे कायद्यानंही ठरवलं: 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले. पणजोबांसारख्या ख्रिस्ती झालेल्यांची लेकरं आजही बाहेर आहेत. आमची मंडळी कुठल्या बाजूची, हे ठरवण्याआधी तो आदेश एकदा वाचा, एवढंच मागणं आहे.